करवतकाठ पडद्यावर आणताना: पारंपरिक नक्षीपासून डिजिटल रचनेपर्यंत

लग्नपत्रिका, मिठाईचा खोका किंवा दुकानाची पाटी 'पारंपरिक ढंगात' करून द्या, अशी मागणी नागपुरात आली की बहुतेक डिझायनर आधी इंटरनेटवर तयार नक्षी शोधतात. त्या शोधात वारलीतील तारपा नाच, राजस्थानी झरोके, पैठणीवरचा मोर आणि मधुबनीतील मासे शेजारी शेजारी मिळतात, आणि त्यांतले काहीही उचलले तरी ग्राहक सहसा तक्रार करत नाही. त्यामुळे ही सवय सुटत नाही. प्रत्यक्षात ज्या गावात बसून आपण हे काम करतो, त्याच्या आसपास मागावर विणली जाणारी करवतकाठी साडी ही नक्षीच्या शिक्षणाची उत्तम शाळा आहे. तिच्याकडे पाहायला मात्र थोडा वेळ काढावा लागतो.

या लेखात एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेले आहे. करवतकाठीचा दातेरी काठ मूळ कापडावरून समजून घ्यावा, तो संगणकावर नेमक्या मापात उभा करावा, त्यातून छापील लग्नपत्रिका आणि मोबाइलवर पाठवायची पत्रिका तयार करावी, आणि शक्य असल्यास तीच रचना विणकराला वापरता येईल अशा स्वरूपात परत द्यावी, असा हा क्रम आहे. या सगळ्यामागे माझे एक ठाम मत आहे: नक्षीचे चित्र उचलू नये, ती नक्षी ज्या नियमाने घडते तो नियम उचलावा. चित्र उचलले की नक्कल होते. नियम हाती आला की त्याच घराण्यातली नवी नक्षी आपल्याला स्वतः रचता येते.

परंपरा निवडताना

नागपुरातले अनेक तरुण डिझायनर 'आपली स्थानिक कला' म्हणून गोंड चित्रशैलीकडे वळतात. कारण समजण्यासारखे आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या शहराची पायाभरणी केली, आणि गोंड समाज आजही विदर्भात सर्वत्र आहे. परंतु टिंबे, चंद्रकोरी आणि बारीक रेघांनी भरलेले हरिण-मोर-झाड अशी जी चित्रे आज बाजारात 'गोंड पेंटिंग' म्हणून दिसतात, त्यांचे माहेर मध्य प्रदेशातील दिंडोरी जिल्ह्यातले पाटणगढ हे आहे. तिथल्या परधान गोंड समाजातील जनगढ सिंह श्याम यांनी भोपाळच्या भारत भवनात जगदीश स्वामिनाथन यांच्या प्रोत्साहनाने १९८०च्या दशकात ही शैली कागदावर आणि कॅनव्हासवर घडवली. या शैलीत प्रत्येक चित्रकाराचा आकार भरण्याचा स्वतःचा एक साचा असतो आणि तो त्याच्या सहीसारखा ओळखला जातो. म्हणजे तो साचा उचलून क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा ब्रश बनवणे ही लोककलेची सेवा नसून एका विशिष्ट माणसाची ओळख विनापरवाना वापरणे आहे. ही शैली हवी असेल तर चित्रकाराला काम द्यावे. त्याला दुसरा सरळ मार्ग मला दिसत नाही.

नागपूरच्या महाल भागातली मूर्तिकारांची चितार ओळी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीने निघणाऱ्या काळ्या आणि पिवळ्या मारबती (मोठ्या प्रतिमा), तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी, दारातली ठिपक्यांची रांगोळी, हे सारे अभ्यासासाठी खुले आहे. त्यातही नवशिक्याने विणकामापासून सुरुवात करावी, कारण विणकाम मुळातच चौकटींच्या जाळीवर चालते आणि पडदाही चौकटींच्या जाळीवरच चालतो. दोन्हीकडची शिस्त एकमेकांना पटकन समजते.

आधी कापड हातात घ्यावे

करवतकाठी साडीचे अंग कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे असते, आणि काठ पारंपरिक पद्धतीत रंगीत सुताचा असतो. ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांच्या कोशांपासून हे रेशीम मिळते. भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर आणि गोंदिया हे त्याचे जिल्हे. नागपूरप्रमाणेच भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात, विशेषतः आंधळगावात, या विणकामाची जुनी परंपरा आहे. या कापडाला भौगोलिक निर्देशांकाची (जीआय) नोंदणीही मिळालेली आहे.

डिझायनरने समजून घ्यायची गोष्ट अशी की काठ आणि अंग यांच्या सीमेवरचे ते दाते कापडावर नंतर छापलेले किंवा भरलेले नसतात. या विणीत आडवा धागा नेणारे तीन धोटे चालतात: एक अंगाच्या बाण्यासाठी, म्हणजे आडव्या धाग्यासाठी, आणि दोन्ही काठांसाठी एकेक. काठाचा बाणा आणि अंगाचा बाणा जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवले जातात, आणि ही भेटीची जागा प्रत्येक फेरीत ताण्याचे, म्हणजे मागावर ताणलेले उभे, काही धागे पुढे किंवा मागे सरकवली जाते. ती सरकत सरकत पुढे गेली आणि तशीच मागे आली की एक दाता पुरा होतो. काठात ताणा आणि बाणा दोन्ही एकाच रंगाचे असल्यामुळे काठाचा रंग भरीव दिसतो, आणि त्या भरीव रंगाच्या कडेला करवतीसारखे दाते उमटतात.

म्हणून दात्याची तिरपी कड कधीच सरळ तिरपी रेघ नसते. ती पायऱ्यापायऱ्यांची असते. साध्या डोळ्यांना ती तिरपी वाटते. भिंगाखाली धरली की पायऱ्या मोजता येतात. इंटरनेटवर मिळणाऱ्या तयार 'टेंपल बॉर्डर'मध्ये नेमके हेच हरवलेले असते. तिथे गुळगुळीत त्रिकोणांची रांग असते, आणि तशी रांग जगातल्या कुठल्याही काठाची असू शकते.

कापड पाहण्यासाठी घरातली जुनी साडी सर्वांत चांगली. ती नसेल तर हातमागाच्या विक्री केंद्रात किंवा नागपूरच्या विणकर सेवा केंद्रात आपले काम सांगून विचारणा करावी. सिव्हिल लाइन्समधील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या आवारात भरणाऱ्या हस्तकला मेळ्यांत विणकर स्वतः भेटतात, आणि तिथे अर्धा तास बसून मिळणारी माहिती कुठल्याही व्हिडिओत मिळत नाही. मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे १८६३ साली स्थापन झालेला आपला अजब बंगला, जुन्या वस्तूंवरील नक्षी पाहायला उपयोगी आहे. छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी घ्यावी.

छायाचित्र घेताना कापड सपाट पसरावे, कॅमेरा त्याच्याशी समांतर धरावा, आणि चौकटीत एक मोजपट्टी आणि एक पांढरा कागद ठेवावा. मोजपट्टीमुळे नंतर माप कळते आणि कागदामुळे रंगाचा तोल दुरुस्त करता येतो. कोशाला स्वतःची झळाळी असते, त्यामुळे नागपूरच्या दुपारच्या उन्हात घेतलेला फोटो पांढरा पडतो. सकाळी उत्तरेकडच्या खिडकीजवळ किंवा व्हरांड्याच्या सावलीत घ्यावा. फ्लॅश वापरू नये.

धागे मोजणे आणि जाळी आखणे

धागे मोजण्याचे एक इंचाचे भिंग बाजारात मिळते. ते काठाजवळ ठेवून एका इंचात ताण्याचे किती धागे आणि बाण्याचे किती धागे येतात ते मोजावे, आणि कापडाच्या दोन-तीन वेगळ्या जागी पुन्हा मोजून पाहावे, कारण हातमागावर हा आकडा थोडा हलतो. समजा मोजणीत ताण्याचे ६० आणि बाण्याचे ४८ धागे आले. याचा अर्थ ताण्याचा एक धागा १/६० इंच रुंदी व्यापतो आणि बाण्याची एक फेरी १/४८ इंच उंची व्यापते. रुंदी आणि उंचीचे प्रमाण ४:५ झाले. म्हणजेच या कापडाची चौकट चौरस नाही, ती किंचित उभट आहे.

हा छोटासा तपशील अनेकजण सोडून देतात आणि चौरस आलेखकागदावर दाते काढतात. मग दाते आडवे ताणल्यासारखे दिसतात, पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटते, पण काय ते सांगता येत नाही. जाळीचे प्रमाण कापडावरून घेतले की नक्षीची ठेवण आपोआप जमते.

यानंतर संगणक न उघडता आधी कागदावर एक दाता काढावा. ४:५ प्रमाणाच्या चौकटी आखून पेन्सिलीने एकेक चौकट भरत जावे. आपल्या उदाहरणात एक दाता बाण्याच्या १२ फेऱ्यांचा धरू. पहिल्या फेरीत काठ अंगात २ धागे शिरतो, दुसरीत ४, तिसरीत ६, असे करत सहावीत १२. सातवीत तो १२ वरच थांबतो आणि मग १०, ८, ६, ४, २ असा मागे येतो. टोकाला सलग दोन फेऱ्या सारख्या असल्यामुळे दात्याचे नाक बोथट होते. हातात असलेल्या साडीत हे आकडे वेगळे असतील, आणि ते वेगळे असावेत यातच मजा आहे. आकडे बदलून पाहावेत: दर फेरीला २ ऐवजी ३ धागे सरकवले की दाता लांब आणि टोकदार होतो, दोन फेऱ्यांना एकदा सरकवला की बसका होतो. नियम तोच राहिला आणि नवी नक्षी तयार झाली. हे काम कागदावर केल्याने हाताला त्या पायऱ्यांची लय कळते. थेट माउसने सुरुवात करणाऱ्याला ती बराच काळ कळत नाही, असा माझा अनुभव आहे.

इंकस्केपमध्ये काठ उभा करणे

इंकस्केप हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर या कामाला पुरेसे आहे. इलस्ट्रेटर असेल तर तोही चालेल, तत्त्व एकच. आपण १२० मिमी रुंद आणि १८० मिमी उंच लग्नपत्रिका धरू, जिच्या दोन्ही उभ्या कडांना काठ येईल. साडीचा काठही ताण्याच्या दिशेने लांब धावतो, त्यामुळे उभा काठ हीच त्याची स्वाभाविक जागा आहे.

'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज'मध्ये आयताकृती ग्रिड घ्यावे आणि त्याचे आडवे अंतर ०.४ मिमी, उभे अंतर ०.५ मिमी ठेवावे. हे तेच ४:५ प्रमाण आहे. ग्रिडला चिकटण्याची, म्हणजे स्नॅपिंगची सोय चालू करावी. आता १२ फेऱ्यांचा दाता ६ मिमी उंच आणि त्याची सर्वांत जास्त खोली ४.८ मिमी होईल. पेन टूलने पायऱ्यांच्या कोपऱ्याकोपऱ्यावर क्लिक करत एकच बंद आकृती काढावी. चौकोनी तुकडे जोडून दाता बनवू नये. तुकड्यांच्या सांध्यांत पडद्यावर आणि कधी छपाईतही केसाएवढ्या पांढऱ्या फटी दिसतात.

छायाचित्रावर 'ट्रेस बिटमॅप', म्हणजे चित्रावरून आपोआप आकृती काढणारी सोय, चालवून काम झटपट उरकण्याचा मोह होतो. तो टाळावा. ट्रेसिंग प्रत्येक धाग्याचा खडबडीतपणा, सावली आणि सुरकुती नोड, म्हणजे रेघेचा बिंदू, म्हणून नोंदवते, शेकडो नोडांची वळवळती आकृती देते, आणि ज्या पायऱ्यांसाठी आपण एवढी मोजणी केली त्याच गुळगुळीत करून टाकते. छायाचित्र खालच्या थरात, फिकट करून, केवळ ताडून पाहण्यासाठी ठेवावे.

एक दाता झाला की 'टाइल्ड क्लोन्स' वापरून तो उभा पुनरावृत्त करावा. क्लोन वापरण्याचा फायदा असा की मूळ दात्यात बदल केला की सगळी रांग बदलते. १८० मिमी उंचीत ६ मिमीचे ३० दाते बरोबर बसतात, पण छापखान्याला चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेघेबाहेर वाढवलेली छपाई, लागते. इथे थोडा विचार करावा. रांग वर ३ मिमी आणि खाली ३ मिमी वाढवून ३१ दाते केले, तर कापण्याची रेघ दात्याच्या नेमक्या नाकावर येते, आणि पाते अर्धा मिमी जरी सरकले तरी वरचा दाता आणि खालचा दाता असमान कापलेले दिसतात. त्याऐवजी रांग वर-खाली पूर्ण एकेक दात्याने वाढवावी, म्हणजे एकूण ३२ दाते होतील, आणि कापण्याची रेघ दोन दात्यांमधल्या खोलगट जागी येईल. तिथे काठ सर्वांत अरुंद असल्याने पात्याची चूक नजरेत भरत नाही. काठाची बाहेरची बाजूही पत्रिकेच्या कडेबाहेर ३ मिमी न्यावी.

पत्रिका स्क्रीन प्रिंटिंगने छापायची असेल तर इतक्या बारीक पायऱ्या शाईत बुजण्याची शक्यता असते. अशा वेळी जाळी दुप्पट करून ०.८ आणि १ मिमी घ्यावी, दाते १५ होतील, पण पायऱ्या स्वच्छ राहतील. ऑफसेटवर मूळ माप चालते. तरीही छापखान्याला आधी विचारावे, आणि ज्या कागदावर काम होणार त्याच कागदावर नमुना मागावा.

मोबाइलसाठी पुन्हा आखणी

आज छापील पत्रिका पन्नास जणांना आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची पाचशे जणांना जाते, तेव्हा मोबाइलची आवृत्ती उरलेसुरले काम समजू नये. छपाईची फाइल १०८० पिक्सेल रुंदीत निर्यात केली तर ०.४ मिमीची चौकट ३.६ पिक्सेलची होते. अर्धवट पिक्सेल पडद्यावर दाखवता येत नाही, म्हणून सॉफ्टवेअर कडा पुसट करते आणि दाते धुरकट दिसतात.

यावर उपाय म्हणजे जाळी पिक्सेलांत नव्याने आखणे: एक चौकट ४ पिक्सेल रुंद, ५ पिक्सेल उंच. १२ फेऱ्यांचा दाता ६० पिक्सेल उंच आणि ४८ पिक्सेल खोल झाला, आणि १०८० × १९२० पिक्सेलांच्या उभ्या प्रतिमेत ३२ दाते एकही पिक्सेल न उरता बसले. निर्यात पीएनजी स्वरूपात करावी. जेपीजीत तीव्र रंगांच्या सीमेवर डाग येतात. व्हॉट्सअ‍ॅप प्रतिमा आणखी दाबते, म्हणून शक्य तिथे ती दस्तऐवज म्हणून पाठवायला सांगावे.

रंग

कोशाचा नैसर्गिक रंग मधाळ, किंचित करडा आणि प्रत्येक लडीत थोडा वेगळा असतो. पडद्यावर आरजीबी (लाल, हिरवा, निळा) २०१, १७०, १२० च्या आसपास सुरुवात करावी आणि कापड शेजारी धरून डोळ्यांनी जुळवावे. छपाईसाठी सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांची, मूल्ये वेगळी ठरवावीत. पडद्यावर झळाळणारा कुंकवाचा लाल कागदावर नेहमीच थोडा विटका उतरतो, हे ग्राहकाला कामाच्या सुरुवातीलाच सांगून ठेवलेले बरे. इंकस्केप प्रामुख्याने आरजीबीमध्ये काम करते, म्हणून छपाईची अंतिम पीडीएफ स्क्रायबससारख्या सॉफ्टवेअरमधून काढावी.

जरीचा आभास आणण्यासाठी पिवळ्या-तपकिरी रंगांचा चमचमता ग्रेडियंट वापरणे ही आपल्याकडची जुनी खोड आहे. छपाईत तो चिखलासारखा दिसतो. खरी चमक हवी असेल तर फॉइलचा खर्च करावा, नाहीतर सपाट मोहरी रंग वापरावा. मागावर दाता एकाच भरीव रंगाचा असतो, त्यामुळे ग्रेडियंट या नक्षीच्या स्वभावातही बसत नाही.

काठाशेजारची अक्षरे

देवनागरीची शिरोरेषा आडवी आणि ठळक असते, आणि दाते काठातून आतल्या बाजूला आडवेच येतात. मजकूर काठाला फार जवळ आणला तर शिरोरेषा दात्यांना भिडल्यासारखी वाटते. काठ आणि मजकूर यांत निदान एका दात्याच्या उंचीएवढी, म्हणजे ६ मिमी, मोकळी जागा ठेवावी. ८ मिमी असेल तर अधिक चांगले. 'एक टाइप' (Ek Type) या संस्थेच्या 'मुक्ता'सारखा साधा, समान जाडीचा फाँट दातेरी काठाशेजारी शांत दिसतो. 'मुक्ता' मुक्त परवान्यावर उपलब्ध आहे, त्यामुळे व्यावसायिक कामात अडचण येत नाही. वळणदार, फुलाफुलांचा फाँट घेतला तर काठ आणि अक्षरे एकमेकांशी स्पर्धा करतात.

मजकुराची भाषा सॉफ्टवेअरमध्ये 'मराठी' अशी नोंदवावी. ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ल आणि श ही अक्षरे त्यामुळे मराठी वळणाची येतात, अन्यथा हिंदी वळणाची येतात. इलस्ट्रेटर किंवा इनडिझाइन वापरत असाल तर 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' निवडावा, नाहीतर वेलांट्या आणि जोडाक्षरे तुटतात. काही छापखान्यांत अजूनही युनिकोडपूर्व फाँटवर काम चालते. तिथे फाइल देताना मजकूर आकृत्यांमध्ये रूपांतरित करून द्यावा आणि संपादनयोग्य प्रत आपल्याकडे ठेवावी. रूपांतरानंतर 'श्री', 'ऱ्या', 'द्ध', 'ज्ञ' आणि कुटुंबीयांची नावे डोळ्यांखालून घालावीत. वधूच्या आत्याच्या नावातला रफार उडाला तर काठ कितीही सुंदर असला तरी त्याबद्दल कोणी बोलत नाही.

हाताची रेघ हवी असेल तेव्हा

प्रत्येक परंपरा जाळीवर बसत नाही. चितार ओळीत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी पाहावी. भुवईची रेघ बारीक सुरू होते, मध्यावर भरते आणि सुटताना केसाएवढी होते, आणि ती एका श्वासात ओढलेली असते. गणेशोत्सवाच्या आधीच्या आठवड्यांत हे काम तिथे दिवसरात्र चालते. त्या गर्दीत कारागिराला प्रश्न विचारत बसू नये, बाजूला उभे राहून पाहावे.

ही रेघ डिजिटल करायची असेल तर पेन टूल बाजूला ठेवावे आणि क्रिटामध्ये दाब ओळखणारे पेन टॅबलेट वापरावे. ब्रशची जाडी दाबाशी जोडावी. रेघ स्थिर करणारे 'स्टॅबिलायझर' शक्य तितके कमी ठेवावे, कारण ते हाताची थरथर काढताना रेघेचा वेगही काढून टाकते आणि सगळ्या भुवया एकाच साच्यातल्या दिसू लागतात. आधी कागदावर खऱ्या कुंचल्याने सराव करून तीच रेघ ६०० डीपीआयला स्कॅन करणे हा त्याहून चांगला मार्ग आहे, आणि स्वस्तही.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रसाधनांबद्दल विचारणा नेहमी होते. रंगसंगतीचे झटपट पर्याय पाहायला त्यांचा उपयोग होऊ शकतो. नक्षीसाठी त्यांच्यावर विसंबू नये: 'करवतकाठी' मागितले की दात्यांसारखे काहीतरी मिळते, पण पायऱ्यांची संख्या दर दात्याला बदललेली असते, आणि अशी नक्षी कुठल्याही मागावर विणता येणार नाही.

नाव, हक्क आणि मोबदला

भौगोलिक निर्देशांकाचा १९९९चा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू आहे. त्याचे संरक्षण नोंदणीकृत उत्पादनाच्या नावाला आहे. पत्रिकेवर दातेरी काठ रचणे आणि डिजिटल छपाईच्या पॉलिस्टर साडीला 'करवतकाठी' म्हणून विकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरी करणाऱ्या ग्राहकाला डिझायनरने स्पष्ट नकार द्यावा. पत्रिकेच्या मागे 'काठाची रचना करवतकाठी विणीवर आधारित' एवढी एक ओळ टाकता येते; त्यात खोटे काही नाही आणि विणकामाचे नावही पोहोचते.

व्यक्तीने काढलेल्या चित्राची गोष्ट निराळी. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या कामावर हक्क राहतो. जनगढ सिंह श्याम यांचे निधन २००१ साली झाले. त्यांची चित्रे २०६१ संपेपर्यंत संरक्षित आहेत. 'लोककला आहे, कोणाचीच नाही' हा समज या बाबतीत सरळ चुकीचा आहे. चित्रकाराकडून काम घेताना किती वापर, कुठल्या माध्यमात, किती काळ आणि किती मोबदला हे लेखी ठरवावे. अर्ध्या पानाचा साधा मराठी करारही पुरतो.

रचना मागाकडे नेताना

आपण रचलेला नवा दाता विणून पाहायची इच्छा झाली, तर विणकराला सुंदर पीडीएफ देऊन उपयोग नाही. त्याला आलेख हवा. एक पिक्सेल म्हणजे एक धागा असे धरून लहानशी प्रतिमा तयार करावी: आपल्या उदाहरणात १२ पिक्सेल रुंद, १२ पिक्सेल उंच, फक्त दोन रंग, आणि कडा पुसट करण्याची सोय पूर्ण बंद. जिंप या प्रतिमा-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम ब्रशने न करता पेन्सिल टूलने करावे. ही प्रतिमा मोठी करून, प्रत्येक चौकटीभोवती रेघ आणि दर दहा चौकटींना जाड रेघ घालून छापावी, आणि कडेला फेऱ्यांचे क्रमांक लिहावेत. या आलेखात चौकटी चौरस असल्या तरी चालतात, कारण इथे फक्त मोजणी महत्त्वाची असते. प्रमाण मागावर धागेच ठरवतात.

विणकर बहुधा काही बदल सुचवेल. दर फेरीला तीन धागे सरकवले तर सांधा सैल पडतो, टोकाला एक फेरी वाढवली तर धोटा सहज वळतो, अमुक सूत तमुक कोशाबरोबर ओढले जाते, अशा स्वरूपाचे ते बदल असतात. ते आलेखावर लाल पेन्सिलीने लिहून घ्यावेत, विणलेल्या नमुन्याचे पैसे द्यावेत, आणि घरी आल्यावर इंकस्केपमधल्या मूळ दात्यात ते बदल करावेत. क्लोनमुळे पत्रिकेवरची सारी रांग त्याच क्षणी बदलेल, आणि पुढच्या कामासाठी फाइलच्या नावात त्या विणकराचे नाव, त्याच्या संमतीने, जोडून ठेवावे.